मदत हवी आहे : भाचीसाठी शिकागोचं विद्यापीठ

नमस्कार मंडळी,
माझ्या भाचीला युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय शिकागोत, म्हणजे यूआयसीत, कॉम्प्युटर सायन्सच्या एमएससाठी प्रवेश मिळाला आहे. घरी आधी सगळ्यांचा घोळ झाला. कुणाला वाटलं हे ते खासगी शिकागो विद्यापीठ, कुणाला वाटलं अर्बाना-शँपेन, म्हणजे इलिनॉय विद्यापीठाचा दुसऱ्या गावातला कॅम्पस. हे तिसरंच: इलिनॉय राज्याचं सरकारी संशोधन विद्यापीठ, भर शहरात. आधीचा 'सर्कल कॅम्पस' १९६५ मध्ये इथे सुरू झाला आणि १९८२ मध्ये वैद्यकीय केंद्राशी जोडला जाऊन आजचं विद्यापीठ झालं. समाजसेविका जेन अॅडम्स यांचं हल हाऊस हे समाजकेंद्र आवारातच आहे, संग्रहालय म्हणून.

तिला सगळ्यात जास्त ओढ आहे ती इलेक्ट्रॉनिक व्हिज्युअलायझेशन लॅबची. भिंतींवर आणि जमिनीवर चित्र दिसणारी 'केव्ह' ही आभासी खोली १९९२ मध्ये तिथेच घडली. एमएसच्या मुलांना अशा लॅबमध्ये खरंच काम मिळतं का? प्राध्यापकांना जाण्याआधीच लिहावं का?

दुसरं, राहण्याचं. यूआयसी-हॉल्स्टेड स्टेशन शहरी रेल्वेच्या ब्लू लाइनवर आहे, म्हणजे ओहेअर विमानतळावरून थेट गाडी. मग टेलर स्ट्रीट, पिल्सन की थोडं लांब, स्वस्त घर? संध्याकाळी उशिरा एकटीने परतायला कुठला भाग बरा? तिची आई याच काळजीत आहे.

रिसर्च किंवा टीचिंग असिस्टंटशिप (विद्यापीठातलं पगारी काम) पहिल्या सेमिस्टरला मिळाली असेल, तर कशी मिळवलीत तेही सांगा. बँकेच्या कर्जाचा आकडा त्यावरच ठरवायचा आहे. तिथे शिकलेलं किंवा शिकत असलेलं कुणी असेल तर जरूर लिहा.