१९९८ मध्ये छोटी गाडी घेताना काय बघितलंत?

प्रश्न: परवा बाबांशी जुन्या गाड्यांवर गप्पा चालल्या होत्या. आधी छोटी गाडी म्हणजे मारुती ८००, थोडे जास्त पैसे असले तर झेन, आणि मग १९९८ च्या शेवटच्या चार महिन्यांत सँट्रो, मॅटिझ, इंडिका एकामागोमाग आल्या. तेव्हा ज्यांनी खरंच घेतली त्यांनी सांगा ना, कशी निवडलीत?

प्रतिसाद १: आम्ही सँट्रो घेतली. दिसायला उंच, सगळे नाकं मुरडायचे, पण आजीला गुडघेदुखी, तिला न वाकता आत बसता यायचं, तिथेच आमचं ठरलं. शिवाय एमपीएफआय इंजिन, म्हणजे पेट्रोल आपोआप मोजून फवारणारं, त्यामुळे थंडीत गाडी सुरू करायला चोक ओढायची कटकट नाही. ८०० ला तेव्हा चारच गिअर होते, हे आता कुणाला पटत नाही!

प्रतिसाद २: चालवायला झेनच. ९९३ सीसीचं अ‍ॅल्युमिनियम इंजिन, हलकी गाडी, खंबाटकी घाटात गिअर पाडला की अशी काही उचलायची की बस. मागे जागा कमी, हे मान्य.

प्रतिसाद ३: महिन्याला दोन वेळा पुणे-सोलापूर व्हायचं, मग डिझेलशिवाय हिशोबच बसेना, आणि छोट्या डिझेल गाड्यांत आम्हाला पटली ती इंडिका. १४०५ सीसी, आवाज भरपूर, पण मागे तीन मोठी माणसं आरामात. आणि आपल्या पिंपरीत बनलेली गाडी, त्याचं अप्रूप वेगळंच होतं हो.

प्रश्नकर्ता: मस्त! मॅटिझवाले कुणी आहेत का?