कंत्राटदार काम अर्धवट सोडून गेला तर

ताई, साठ टक्के पैसे घेऊन बाथरूम अर्धवट टाकून गेलेल्या कंत्राटदाराबद्दल वाचलं आणि जीव कळवळला. आमच्याकडेही हेच झालं. जुनी फरशी उखडलेली, नहाणीच्या भोकात सिमेंटच्या गोणीचा बोळा, आणि फोन केला की "उद्या माणसं पाठवतो".

दुसरा मिस्त्री लगेच लावू नका. आधी तारखेसकट फोटो काढा आणि त्या नव्या मिस्त्रीकडून उरलेल्या कामाचा खर्च लेखी घ्या. आम्ही घाई केली आणि मग किती काम बाकी होतं, हेच दाखवता येईना. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, जीपेच्या नोंदी अजिबात पुसू नका.

मग पंधरा दिवसांची मुदत देऊन नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. तरी हलला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा.

आणि वॉटरप्रूफिंग झालंय असं तो म्हणत असेल, तर पाणी दोन दिवस साठवून खालच्यांचं छत बघितल्याशिवाय फरशी बसवू देऊ नका.