क्लोंडाइकची ५३ किलोमीटरची वाट चढण्यास महिने का लागत?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)

नमस्कार. नववीच्या मुलांसमोर मी कॅनडाच्या वायव्य भागातील क्लोंडाइकच्या सोन्यामागे १८९७-९८ मध्ये निघालेल्या लोकांविषयी बोलणार आहे. अलास्काच्या किनाऱ्यावरील डायी गावातून चिल्कूट खिंड ओलांडून बेनेट सरोवरापर्यंतची वाट सुमारे ५३ किलोमीटरची, म्हणजे आपल्या नागपूर-रामटेक अंतराएवढीच होती. तरीही धडधाकट माणसांना ती पार करण्यास कित्येक आठवडे, काहींना तर महिने लागले. केवळ थंडी आणि चढ यांमुळे एवढा विलंब होतो, हे मला पटत नाही, आणि मुलेही नेमके हेच विचारतील.

उत्तर (इतवारी)

कारण अंतरात नसून ओझ्यात आहे. खिंडीच्या माथ्यावर कॅनडाच्या पोलिसांची चौकी होती आणि वर्षभराची शिधासामग्री बरोबर असल्याशिवाय ते कोणालाही पुढे सोडत नसत. सगळे सामान मिळून सुमारे ९०० किलो भरे. आमचा धान्याचा व्यापार असल्यामुळे मी ते पोत्यांत मोजतो: पन्नास किलोची अठरा पोती. आमचा हमाल भरलेले पोते पाठीवर घेतो ते गोदामापासून ट्रकपर्यंत. येथे अर्धे पोते घेऊन बर्फातला डोंगर चढायचा होता. एका खेपेला २५ किलो धरले, तर ३६ खेपा होतात. थोडे अंतर सामान न्यायचे, रचून ठेवायचे आणि उरलेल्यासाठी रिकाम्या पाठीने मागे फिरायचे. एकट्याने सारे वाहिले, तर ३६ वेळा जाणे आणि ३५ वेळा परतणे, म्हणजे ३,७०० किलोमीटरांहून अधिक चाल होते. हा गुणाकार फळ्यावर जरूर करून दाखवा.

शेवटच्या चढणीवर बर्फात सुमारे १,५०० पायऱ्या खोदलेल्या होत्या आणि माणसे एकामागे एक चढत. दम खाण्यासाठी जो बाजूला झाला, त्याला पुन्हा रांगेत शिरण्यास फट मिळेपर्यंत ताटकळावे लागे.

उत्तर (प्रतापनगर)

वरील हिशेब योग्य आहे, परंतु पोलिसांचा नियम जाचक होता असा मुलांचा समज होऊ नये. १८९७ च्या हिवाळ्यात सोन्याच्या प्रदेशातील डॉसन शहरात अन्नाची भीषण टंचाई झाली होती. त्यामुळे या नियमाने असंख्य माणसांचे प्राण वाचवले, असे माझे ठाम मत आहे. दुसरे असे की, ही वाट मुळात तेथील ट्लिंगिट या आदिवासी लोकांची, त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यापाराची होती. ज्यांच्याजवळ पैसा होता, ते वजनावर मजुरी देऊन त्यांच्याकडून ओझी वाहून घेत. ३ एप्रिल १८९८ रोजी हिमकडे कोसळून साठांहून अधिक माणसे गाडली गेली. त्या दिवशी धोका ओळखून स्थानिक भारवाहकांनी वर जाण्यास नकार दिला होता. शेजारच्या व्हाइट पासच्या वाटेवर तर सुमारे ३,००० घोडे मेले. तो भाग सांगताना माझा आवाज जड होतो.

उत्तर (महाल)

बेनेटला पोहोचूनही प्रवास संपत नसे. लोकांनी झाडे तोडून स्वतः नावा बांधल्या आणि २९ मे १८९८ रोजी बर्फ फुटताच सात हजारांहून अधिक नावा निघाल्या. पुढे डॉसनपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरचा जलमार्ग होता आणि त्यात खळाळते, जीवघेणे प्रवाह होते. घरून निघालेल्या सुमारे एक लाखांपैकी तीस-चाळीस हजारच पोहोचले, आणि तोवर सोने असलेल्या नाल्यांवरील जागा आधीच्या लोकांनी आपल्या नावावर करून घेतल्या होत्या.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीत तांदळाची पोती आहेत. त्यांतील २५ किलो तांदूळ वेगळ्या पोत्यात भरून वर्गात आणवते आणि व्याख्यानाची सुरुवात त्यापासूनच करते.