‘कुजके भाषण’ आणि ‘उन्नती’: नेमका अर्थ काय?

प्रश्न: बायबलमधल्या इफिसकरांस पत्र 4:29 मध्ये मुखातून ‘कुजके भाषण’ निघू नये, ‘उन्नतीकरता’ जे चांगलं तेच निघावं, असं आहे. आमच्या अभ्यासगटात एकजण म्हणाले, कुजकं म्हणजे शिवीगाळ. मग आम्ही सगळे सुटलोच! आणि ‘उन्नती’ म्हटलं की मला पगारवाढच आठवते. दुसऱ्याच्या बोलण्याने माझी उन्नती कशी व्हायची?

उत्तर: सुटला नाहीत, ताई. मूळ ग्रीक शब्द ‘साप्रोस’, म्हणजे सडका, टाकाऊ. मत्तय 13:48 मध्ये जाळ्यातले जे मासे फेकून देतात त्यांनाही हाच शब्द आहे. शिव्या त्यात येतात, पण मराठीत ‘कुजकं बोलणं’ म्हणजे शिवी नव्हेच. शिवी देणारा निदान उघड देतो. कुजकं बोलणारा आवाजही चढवत नाही.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एका मुलीने पहिल्यांदाच शास्त्रपाठ वाचला. दोन-तीनदा अडखळली. बाहेर पडताना एक गृहस्थ हसत म्हणाले, “छान! चष्मा घरी राहिला वाटतं?” यातला एकही शब्द वाईट म्हणून दाखवता येणार नाही. पण तिने पुन्हा वाचनाला नाव दिलेलं नाही. अनुवादकाने ‘घाणेरडे’ न म्हणता ‘कुजके’ म्हटलं, त्यामुळे माझ्यासारखेही सापडले.

‘उन्नती’साठी मूळ शब्द ‘ओइकोदोमे’, घर बांधणं. ‘ओइकोस’ म्हणजे घर. 1 करिंथ 8:1 मध्ये ज्ञान फुगवतं आणि प्रीती उन्नती करते, तिथेही याच धातूचं क्रियापद आहे. एक फुगा, एक भिंत. ‘उन्नती’त ही भिंत दिसत नाही. मला विचाराल तर ‘उभारी’ जवळचा शब्द. घर उभारतात, खचलेल्याला उभारी देतात, दोन्हीकडे धातू एकच.

दुसरे उत्तर: आमच्याकडे उपासनेत ‘उत्तेजन द्या’ असं म्हणतात. मला तो शब्द ऐकला की उत्तेजनार्थ बक्षीस आठवतं, पहिल्या तिघांत न आलेल्याचं!

खरा घोळ ‘बोध’ शब्दात आहे. इब्री 3:13 मध्ये दररोज एकमेकांना ‘बोध करा’ म्हटलंय, आणि लोक ते वाचून उपदेशाचे डोस पाजतात. मूळ क्रियापद ‘पाराकालेओ’, जवळ बोलावणं. सांत्वन, विनवणी, धीर देणं, सगळं त्यात येतं. प्रेषितांची कृत्ये 4:36 मध्ये बर्णबा नावाच्या शिष्याला ‘बोधपुत्र’ म्हटलंय, तेही याच कुळातल्या शब्दामुळे. आता हा बोधपुत्र करतो काय? 9:27 बघा. शौलाला, म्हणजे आधी शिष्यांचा छळ करणाऱ्या पुढच्या पौलाला, सगळे शिष्य घाबरून असताना हा त्याला प्रेषितांकडे घेऊन जातो आणि त्याच्या बाजूने बोलतो. योहान 14:16 मधला ‘कैवारी’, म्हणजे पवित्र आत्मा, हा शब्दही याच धातूचा. म्हणजे बोध करणं हे कैवार घेण्याच्या जवळ जातं.

प्रश्नकर्ती: हे पटलं. पण मग चुका सांगायच्याच नाहीत का? सारखं गोडगोड बोलणाऱ्या माणसांचा मला धसकाच आहे.

उत्तर: कलस्सै 4:6 मध्ये बोलणं मिठाने रुचकर केलेलं असावं म्हटलंय, साखरेने नव्हे. शिवाय इफिस 4:29 मध्येच ‘गरजेप्रमाणे’ आहे. त्या मुलीला “किती सुंदर वाचलंस!” म्हटलं असतं तर ती खोटी स्तुती तिलाही कळली असती. दुसऱ्या परिच्छेदापासून तिने वेग कमी केला होता आणि तिथून पुढचं शेवटच्या बाकावर मला नीट ऐकू आलं होतं. हे तिला सांगण्याजोगं होतं. मीही त्या दिवशी काही बोललो नाही, ते वेगळं.

प्रश्नकर्ती: गटात ‘उभारी’ सुचवून बघते. आमच्या ज्येष्ठांना ‘उन्नती’च लागते, बघू.