क्लबहाऊस मंगळवारी रोटरीला द्यायचं का?

सेक्रेटरी (ए-१०४): नमस्कार मंडळी, आपल्या भागातल्या रोटरी क्लबचं पत्र आलंय. दर मंगळवारी संध्याकाळी ७ ते ९ क्लबहाऊसचा वरचा हॉल पाहिजे म्हणतायत, त्यांच्या नेहमीच्या जागेचं भाडं वाढलंय. आपल्याला भाडं देणार, खाणं बाहेरून मागवणार, आवरून जाणार. कमिटीने काही ठरवलेलं नाही, आधी इथे मतं टाका. आणि प्लीज याच विषयावर बोला.

डी-१०१ काकू: शुभ सकाळ सर्वांना 🙏 टँकर आला का?

बी-३०२ काका: माझा विरोध नोंदवून घ्या. मंगळवारी त्या वेळेला मुलं टेबल टेनिस खेळतात. आणि ही रोटरीवाली मंडळी नक्की करतात काय ते मला आजवर कळलेलं नाही. कोट घालून येतात, घंटा वाजवतात, खातात, एकमेकांना बुके देतात, फोटो काढतात आणि घरी जातात. एक व्हीलचेअर वाटायची आणि तिच्यामागे अख्खा क्लब उभा.

बी-५०३: आणि ज्याला दिली तो फोटोत दिसतच नाही 😂

सी-७०१ काका: मी त्याच क्लबचा मेंबर आहे, आधीच सांगून टाकतो, नंतर कोणी म्हणायला नको. फोटोचं म्हणणं मान्य. फ्लेक्सवर कामापेक्षा चेहरे जास्त असतात, मी मीटिंगमध्ये पण बोललोय यावर, फार कोणाला आवडलं नाही. पण मंगळवारी काय होतं ते ऐका तरी. सातला लोक यायला लागतात, चहा आणि इडली नाहीतर बटाटेवडा, ह्याला आमच्यात फेलोशिप म्हणतात. साडेसातला प्रेसिडेंट गळ्यात पदाची माळ घालून घंटा वाजवतो, राष्ट्रगीत, मग त्या आठवड्यातले वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, मग सेक्रेटरीच्या अनाउन्समेंट, मग अर्धा तास पाहुणा बोलतो. गेल्या वेळी ब्लड बँकेतल्या डॉक्टर आल्या होत्या, त्याआधी एस.टी.चे रिटायर्ड कंडक्टर, विश्वास बसणार नाही पण ते सगळ्यात भारी बोलले. आणि शिस्तीला एक सार्जंट असतो, शर्टाच्या कॉलरला रोटरीची पिन लावली नाही की दंड, मोबाईल वाजला की दंड, पेपरात फोटो छापून आला तरी दंड. तो दंडाचा डबा फिरतो तेव्हा जेवढं हसणं होतं तेवढं आमच्या वयाला दुसरीकडे कुठे होत नाही.

बी-५०३: काका मस्त, पण खरं सांगा, हे बिझनेस नेटवर्किंगच ना? माझा बॉस मेंबर आहे, तो तर उघड म्हणतो की कॉन्टॅक्टसाठी जातो.

सी-७०१ काका: सुरुवात तिथूनच झाली, लपवायचं कशाला. २३ फेब्रुवारी १९०५, शिकागो. पॉल हॅरिस नावाचा वकील, गावाकडून शहरात आलेला, ओळखीपाळखीचं कोणी नाही. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीतला इंजिनियर आणि एक शिंपी असे चौघं एका ऑफिसात भेटले. एका धंद्याचा एकच माणूस घ्यायचा असा नियम, म्हणजे आपापसात स्पर्धा नको आणि एकमेकांना गिऱ्हाईक द्यायचं. समाजसेवा वगैरे नंतर आली. आणि पहिलं मोठं काम काय माहितीये? शहरात सार्वजनिक संडास व्हावेत म्हणून महापालिकेच्या मागे लागले.

बी-३०२ काका: आपल्या गेटवरच्या वॉचमनला अजून धड संडास नाही, तो पेट्रोल पंपावर जातो. तेवढं करा म्हणावं, उद्या हॉल देतो.

सेक्रेटरी (ए-१०४): काका तो विषय वेगळा आहे

सी-७०१ काका: वेगळा कसा, बरोबर बोललेत ते. पण त्याला क्लब कशाला पाहिजे? आपल्या फंडात पैसे पडलेत. क्लबने बाहेर जिथे पैसे नाहीत तिथे करावं, आपल्या वॉचमनचं आपण करावं. पुढच्या कमिटी मीटिंगच्या अजेंड्यावर घ्या, माझं अनुमोदन.

सी-२०४ ताई: मी कॉलेजला असताना रोटरॅक्टमध्ये, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबमध्ये होते म्हणून थोडं टाकते. नेटवर्किंगवाले असतातच, पण ते टिकत नाहीत, वर्ष दीड वर्षात गळतात कारण दर आठवड्याला यायचं जिवावर येतं. मला राग दुसऱ्या गोष्टीचा यायचा. रोटरीच्या नियमात १९८९ पर्यंत बायकांना मेंबर होता येत नव्हतं! कॅलिफोर्नियात डुआर्टे म्हणून गाव आहे, तिथल्या क्लबने ७७ साली तीन बायकांना घेतलं तर हेडऑफिसने क्लबच काढून टाकला, केस थेट तिकडच्या सुप्रीम कोर्टात गेली, १९८७ ला डुआर्टेच्या क्लबच्या बाजूने निकाल लागला. रोटरीची पहिली बाई जागतिक प्रेसिडेंट २०२२ ला. म्हणजे कालपरवाच.

ए-६०२ काकू: अगं आम्हा मेंबरांच्या बायकांना ॲन म्हणायचे ॲन. आणि पोरांना ॲनेट. आमचे हे मेंबर होते तेव्हा इन्स्टॉलेशनला, म्हणजे नव्या प्रेसिडेंटच्या पदग्रहणाला, मी नारायणपेठ नेसून पहिल्या रांगेत बसायचे, आणि कॅम्प असला की पोहे आम्हीच करायचो, नाव मात्र त्यांचं. पण ३०२ भाऊजी, नुसतं खातात असं नका म्हणू हं. पल्स पोलिओच्या रविवारी मी बूथवर बसलेय. समोर बिल्डिंगचं काम चाललेलं, लेबर कॅम्प तिथेच. लस बर्फाच्या पेटीत, बाटलीवर एक छोटा गोल आणि त्यात चौकोन, चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, दोन्ही सारखे काळे झाले की फेकायची, नर्सबाईंनी मला दाखवलं होतं ते अजून डोळ्यासमोर आहे. बाळाने थेंब थुंकला की पुन्हा द्यायचा. मग डाव्या करंगळीला शाई. आया घाबरायच्या, कोणी सांगितलेलं असायचं की याने मुलं होत नाहीत. तेव्हा आमच्या ह्यांचे मित्र, किराणा दुकानवाले, तेही रोटरीत, ते स्वतः कॅम्पमध्ये झोपडी झोपडी फिरले. अर्ध्या लोकांची उधारी त्यांच्याकडे, त्यांचा शब्द कोण मोडणार 😄 दुपारपर्यंत रांग लागली.

बी-३०२ काका: वहिनी तुमच्याबद्दल आदरच आहे. पण पोलिओ सरकारने घालवला, आशाताई आणि अंगणवाडीच्या बाया उन्हात फिरल्या. क्रेडिट घ्यायला हे पिवळ्या टोप्या घालून पुढे.

सी-७०१ काका: पाय त्यांचेच झिजले, शंभर टक्के. क्लबने पैसा उभा केला, गाड्या दिल्या, बूथवर माणसं दिली आणि मुख्य म्हणजे विषय सोडला नाही. रोटरीने १९८५ ला जगभरचा पोलिओ घालवायचं काम हातात घेतलं, भारतातली शेवटची केस १३ जानेवारी २०११, हावड्याची मुलगी, आणि २७ मार्च २०१४ ला सर्टिफिकेट मिळालं. मधे किती प्रेसिडेंट आले गेले, आमच्यात तर दर १ जुलैला नवा. एकेका माणसाच्या हौसेवर असतं तर दुसऱ्या वर्षीच बंद पडलं असतं.

बी-५०३: ओके हे माहिती नव्हतं. पण दर आठवड्याला कशाला? महिन्यातून एकदा भेटा, बाकी व्हॉट्सॲप आहे की

सी-७०१ काका: नियम सैल झालेत, २०१६ पासून महिन्यात दोनदा भेटलं तरी चालतं. आधी फार कडक होतं, इथली मीटिंग चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात हजेरी लावून यायची, त्याला मेकअप म्हणायचे, घरच्यांना वाटायचं हे ब्युटी पार्लरला चाललेत की काय. आमचा क्लब अजून दर मंगळवारी भेटतो आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. ऑगस्ट २०१९ चा सांगली कोल्हापूरचा पूर आठवतो ना? पुण्यातून जो तो जुने कपडे गोळा करत होता. आमच्यातल्या एकाने सांगलीच्या क्लबमधल्या ओळखीच्याला फोन लावला, तो म्हणाला कपडे पाठवू नका बाबांनो, इथे कपड्यांचे ढीग चिखलात पडलेत, पाणी उतरतंय, घराघरात गाळ आहे, आम्हाला खराटे, फावडी, फिनेल, ब्लीचिंग पावडर, गमबूट आणि बायकांसाठी पॅड पाठवा. आता ही यादी कुठल्या ग्रुपवर फिरत नव्हती. आमच्यात एक हार्डवेअरवाला आहे, एक ट्रान्सपोर्टवाला, एक केमिस्ट. तिघं दर मंगळवारी एका टेबलावर बसतात, एकमेकांची टर उडवतात. मंगळवारीच टेबलावर यादी झाली, रस्ता सुरू झाल्याचं कळलं तसा टेम्पो निघाला. पैसे कोण देणार, बिल कोणाच्या नावाने, हे कोणी विचारलं नाही, नंतर बघू म्हणाले. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं असतं तर काय आलं असतं? हात जोडलेले इमोजी.

डी-१०१ काकू: 🙏🙏🙏

सी-२०४ ताई: काकू 😂😂

बी-५०३: परफेक्ट टायमिंग

डी-१०१ काकू: अहो मी टँकर आला म्हणून टाकलं, गच्चीवरून दिसला

बी-३०२ काका: हसू आलं हे कबूल. पण एक प्रश्न राहतोच. इडलीचे पैसे कुठून येतात? लोक दान देतात त्यातून?

सी-७०१ काका: नाही. मेंबर वर्षाची फी भरतो, त्यातला काही भाग वर हेडऑफिसला जातो आणि उरलेल्यातून हॉल, खाणं, घंटा सगळं. प्रोजेक्टसाठी गोळा केलेल्या पैशाचं खातं वेगळं, त्यातून चहासुद्धा नाही. तुम्ही बँकेत होतात, एखाद्या मंगळवारी या आणि ट्रेझररला धरा, त्याला पण कोणीतरी विचारणारा पाहिजेच.

बी-३०२ काका: मी येईन तर हिशोब बघायलाच येईन. कोट घालणार नाही.

ए-६०२ काकू: भाऊजी कोट नसला तरी दंड असेल, सुट्टे घेऊन जा

सी-२०४ ताई: एक सुचवू का? नुसतं भाडं घेण्यापेक्षा त्यांना मे महिन्यात इथे रक्तदान शिबिर घ्यायला सांगा. कॉलेजं बंद, लोक गावाला, तेव्हाच रक्ताचा तुटवडा असतो, सगळ्या संस्था शिबिरं घेतात २६ जानेवारीला आणि नेत्यांच्या वाढदिवसाला. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, जानेवारीचं रक्त मेमध्ये कामाला येत नाही.

बी-५०३: मी देईन. वजन किती लागतं?

सी-२०४ ताई: ४५ किलो, तू दोनदा पास होशील. हिमोग्लोबिन साडेबारा पाहिजे, त्यात मात्र आपल्या बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका नापास होतील, तेही त्याच दिवशी कळू दे.

सी-७०१ काका: मे महिन्याचं मी येत्या मंगळवारी मांडतो. ब्लड बँकेच्या डॉक्टर परवा हेच रडत होत्या.

सेक्रेटरी (ए-१०४): बरं, मग कमिटीपुढे असं ठेवतो. तीन महिने ट्रायल, मंगळवार ७ ते ९, गाड्या बाहेर लावायच्या, व्हिजिटर पार्किंग नाही. माईक हॉलच्या बाहेर ऐकू आला नाही पाहिजे. गेटवर फ्लेक्स नाही, एकही नाही. टेबल टेनिसचं टेबल खालच्या हॉलमध्ये हलवू, ते जड आहे, रविवारी सकाळी चार जण लागतील. मे मध्ये शिबिर. कोणाची हरकत?

बी-५०३: टेबलासाठी मी आहे, अजून तिघं बघा

सी-७०१ काका: फ्लेक्स नाही ही अट लेखी द्या, मला क्लबात दाखवायला बरी पडेल.

बी-३०२ काका: ट्रायलला हरकत नाही. वॉचमनच्या संडासाची किमान दोन कोटेशनं मात्र कमिटी मीटिंगच्या आधी ग्रुपवर पाहिजेत.