देशमाने परिवार ग्रुप (ऑक्टोबर २०२५) : इंचॉनला अडकलेला फराळ

सुनंदा काकू: मंजिरी, गौरीच्या पार्सलचं काही कळलं का? मी विचारणार नव्हते पण समोरच्या बर्व्यांचं जर्मनीचं पार्सल पोचलं, मुलाचा चिवडा खातानाचा फोटोसुद्धा आला. माझ्या चकल्या कुठल्या गोदामात मऊ पडतायत देव जाणे

मंजिरी: वहिनी कोरियात इंचॉनपर्यंत गेलंय, कस्टमला थांबलंय. तिकडे छुसॉकची मोठी सुट्टी होती ना, ३ पासून ९ पर्यंत, त्यात सगळं ठप्प

सुनंदा काकू: आज १२ आहे

मंजिरी: हो वहिनी, आज रविवार पण आहे

ओंकार: छुसॉक म्हणजे त्यांची दिवाळी का

श्रीकांत: नाही रे, पौर्णिमेचा सण. नवीन भाताचं पीक, पूर्वजांना नैवेद्य, गावी जाऊन थडग्यावरचं गवत काढायचं वगैरे. यंदा ६ ला होता, आपली कोजागरी पण त्याच दिवशी. रांजणगावला आमचे कोरियन साहेब लोक त्या आठवड्यात फोनच उचलत नाहीत

ओंकार: म्हणजे सर्वपित्री आणि कोजागरी एकदम उरकतात, भारी. मसाला दूध?

श्रीकांत: सोंगप्यॉन. तांदळाच्या पिठाचे छोटे मोदकच समज, आत तीळ आणि साखर, पाइनच्या पानांवर वाफवतात

नलू आत्या: गौरीला विचारा माझ्या कुकरचं काय झालं

प्रकाश काका: 🙏 आपणांस माहीत आहे का? 🙏 अयोध्येची राजकन्या सुरीरत्ना इ.स. ४८ मध्ये समुद्रमार्गे कोरियास गेली व तेथील राजा किम सुरो यांच्याशी तिचा विवाह झाला, अशी आख्यायिका आहे. गिमहे शहरात आजही तिची समाधी आहे. लाखो कोरियन स्वतःस तिचे वंशज मानतात. अयोध्येत शरयूकाठी तिचे स्मारक आहे. अभिमान वाटल्यास पुढे पाठवा.

शलाका: बाबा हे तुम्ही गौरी निघाली तेव्हा पण टाकलं होतं. आणि व्हिसा आला तेव्हा पण

प्रकाश काका: चांगली गोष्ट परत वाचायला हरकत नसावी

ओंकार: मोठे मामा, राजकन्येचं पार्सल कस्टमला नव्हतं का अडकलं?

शलाका: 😂😂

हेमंत: ट्रॅकिंगवर दोन कारणं दिसतायत. एक म्हणजे घेणाऱ्याचं नाव जुळत नाही. पासपोर्टवर गौरी हेमंत देशमाने आहे आणि बॉक्सवर नुसतं गौरी देशमाने लिहिलंय. तिकडे परदेशातून काही मागवायचं तर प्रत्येकाचा स्वतःचा कस्टम कोड लागतो, पी अक्षराने सुरू होतो आणि पुढे १२ आकडे, त्या कोडला लागलेलं नाव आणि बॉक्सवरचं नाव तंतोतंत एक पाहिजे. दुसरं कारण क्वारंटाइन, म्हणजे बाहेरून येणाऱ्या खाण्याची तपासणी. दुग्धजन्य पदार्थ.

मंजिरी: दुग्धजन्य???

मंजिरी: मी केलेल्या यादीत दुधाचं काहीच नव्हतं. मेतकूट, भाजणी, चिवडा, चकल्या, शेव, शंकरपाळे. मी सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं, मांस, दूध, बिया, ताजी फळं यातलं काही नको, कडधान्य नको, अनारशावर खसखस असते म्हणून अनारसेसुद्धा काढले मी, उगाच तिच्या मागे चौकशी नको

सुनंदा काकू: बॉक्स माझ्याकडे भरला म्हणून माझ्यावर येणार असेल तर आधीच सांगते, माझ्या पिशवीत फक्त चकली आणि शेव होती. बॉक्स बंद केला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. हॉलमध्ये कोण होतं ते ज्याचं त्याने आठवावं

ओंकार: साताऱ्याहून कोण आलं होतं बरं त्या दिवशी 🤔

नलू आत्या: ओंकार तू अभ्यास कर

ओंकार: आई मी नोकरी करतो

नलू आत्या: कंदी पेढा भाजलेला असतो त्याला दूध म्हणत नाहीत

मंजिरी: नलूताई 🙏

सुनंदा काकू: असो. मी काही बोलत नाही.

सुनंदा काकू: फक्त एवढंच की खव्यापायी बाकी सगळ्यांचा फराळ अडकला. असो.

नलू आत्या: पोरगी सकाळी उठून गरम भात आणि कोबीचं लोणचं खाते ते कोणाला दिसत नाही पेढा दिसतो. आणि कुकरचं विचारलंय मी

(रात्री ९:२८)

सुनंदा काकू: गौरीला मी दोनदा फोन लावला, उचलत नाही. आणि परवाच्या फोटोत टेबलावर ती हिरवी बाटली कसली होती ते पण विचारायचं होतं

ओंकार: स्प्राइट

श्रीकांत: तिकडे लिंबू सोड्याला सायडर म्हणतात, तो पण हिरव्या बाटलीत मिळतो

सुनंदा काकू: बरीच माहिती आहे तुला

श्रीकांत: आई मी व्हेंडर मीटिंगला जातो गं

सुनंदा काकू: हो ना, तिथे सोडाच मिळत असेल

प्रकाश काका: मी पहिल्यापासून म्हणत होतो की सेऊल सुरक्षित नाही. गेल्या डिसेंबरात ३ तारखेला एका रात्रीत मार्शल लॉ.

हेमंत: दादा तो त्यांच्या संसदेने मतदान करून सहा तासांत उठवायला लावला. राष्ट्राध्यक्ष पण गेले पदावरून. आणि सेऊल नाही, सोल

प्रकाश काका: लिहितात सेऊलच

शलाका: अरे तिला झोपू द्या, तिकडे रात्रीचा एक वाजलाय

सुनंदा काकू: मग एक वाजता ती ऑनलाइन कशी दिसत होती

(हा संदेश डिलीट केला गेला)

ओंकार: मामी आम्ही वाचला तो

(सकाळी ५:४२)

गौरी: गुड मॉर्निंग सगळ्यांना, इथे सव्वानऊ होत आलेत आणि मी लायब्ररीत आहे, २० पासून मिडटर्म आहेत, यंदा लक्ष्मीपूजन २१ ला आणि माझा स्टॅटिस्टिक्सचा पेपर पण २१ लाच. एकेकाला उत्तर देत बसत नाही, सगळं एकदाच लिहिते, चिडू नका.

पार्सल. पासपोर्ट आणि कोड रात्रीच अपलोड केलाय, बाबा झोपा आता. हे नावाचं प्रकरण माझ्या पाचवीला पुजलंय इकडे. त्यांचं सगळं नाव तीन अक्षरी, आडनावासकट, आणि आपलं वडिलांसह अख्खं गाव. रेसिडेन्स कार्डवर एक, बँकेत जागा पुरली नाही म्हणून अर्धं, फोन कंपनीने स्पेस न देता सगळं चिकटवलं. आणि इथे ऑनलाइन काहीही करायचं झालं, जेवण मागवायचं, तिकीट काढायचं, की फोनवरून ओळख पटवायला सांगतात, तिथे एक स्पेस चुकली तरी संपलं. पहिले दोन आठवडे तर कार्डच नव्हतं, तेव्हा ना बँक ना नीट सिम, आमच्या फ्लोअरवरचे सगळे फॉरेनर लोक एकमेकांच्या कार्डावर जेवत होते.

जेवण. आत्या, तो आपला कोबी नाही, नापा म्हणजे चिनी कोबी आहे आणि ती किमची मी खात नाही कारण बहुतेक किमचीत फिश सॉस नाहीतर खारवलेली कोळंबी असते. सूपला सुकी मासळी. मेनूवर भाजी लिहिलेली असली तरी विचारायचं. कॅन्टीनच्या मावशींना आता मी माहिती झाले, लांबून बघूनच बिबिम्बापमधलं (भाज्या घातलेला भात) मांस काढून वर एक अंडं जास्त टाकतात. अंडं चालतं हे आजीला सांगू नका. सकाळी आमच्या कॉलेजात हजार वॉनचा नाश्ता असतो, सरकार पैसे घालतं त्यात, म्हणजे साठ-बासष्ट रुपयांत भात, सूप आणि दोन भाज्या, कारण मुलं नाश्ता करत नाहीत म्हणून यांना काळजी. दुपारचं पाच-सहा हजार वॉन. फळांचं नाव काढू नका, सफरचंद बघून परत ठेवते.

हिरवी बाटली. सोजूच होती, म्हणजे इथली दारू. डिपार्टमेंटचं जेवण होतं, बारा जण होतो, सीनियरने ओतलं की ग्लास दोन्ही हातांनी धरायचा, आपण ओतताना पण दोन हात, हे शिकले. मी कोला घेतला. कोणी जबरदस्ती केली नाही. काकू फोटो झूम करून बघितल्याबद्दल थँक्यू.

कुकर.

नलू आत्या: हा

गौरी: आत्या तू जागी आहेस? कुकर डॉर्मच्या खोलीत ठेवता येत नाही, खोलीत शिजवायलाच बंदी आहे, तपासणीला येतात, सापडला तर पेनल्टी पॉइंट, आणि पॉइंट भरले की बाहेर. म्हणून तो मी एका नेपाळी मैत्रिणीकडे ठेवलाय, ती भाड्याने वन-रूममध्ये राहते

नलू आत्या: ठेवलाय की दिलाय

गौरी: ठेवलाय. ती त्यात रोज डाळ करते आणि रविवारी मी जाऊन खाते

नलू आत्या: शिटी कोणी जपून ठेवली आहे का. तिकडे मिळणार नाही

शलाका: गौरी कचऱ्याचं सांग ना यांना, मला सांगितलंस ते

गौरी: अगं हो. तिच्याकडेच कळलं. इथे कचऱ्याची पिशवी विकत घ्यायची, त्या त्या वॉर्डाचीच, दुकानात मागायची, साध्या कॅरीबॅगेतून टाकला तर दंड. ओला वेगळा, पण ओल्यातही अंड्याची टरफलं, हाडं, कांद्या-लसणाची सालं चालत नाहीत, ती साध्या पिशवीत. जे जनावर खाऊ शकेल तेवढंच ओल्यात, असा हिशोब. बाटलीचं लेबल सोलायचं, धुवायची, झाकण लावून मग टाकायची. आम्ही दोघी एकदा अर्धा तास शेवग्याच्या शेंगेचा चोथा कुठल्यात जातो यावर भांडत होतो

ओंकार: शेवगा मिळतो???

गौरी: फ्रोझन. दोंगदेमुनला नेपाळी दुकानं आहेत, तिथे डाळ, कढीपत्ता, सगळं मिळतं. म्हणून तर आईला सांगत होते की पाठवू नका काही

सुनंदा काकू: म्हणजे आम्ही उगाच केलं म्हणायचं

गौरी: काकू तसं नाही गं 🙈 चकली कुठे मिळते दोंगदेमुनला

सुनंदा काकू: असू दे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे कचऱ्याचं टाकते, ३०२ वाल्यांसाठी

हेमंत: गौरी इन्शुरन्सचं बोल जरा. मी इथून निघताना ट्रॅव्हल पॉलिसी काढून दिली आहे, मग तिकडचं दर महिन्याचं कशाला

गौरी: बाबा ते आपल्या हातात नाही, मार्च २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना त्यांचा राष्ट्रीय आरोग्य विमा सक्तीचा आहे, कार्ड झालं की आपोआप बिल सुरू. विद्यार्थ्यांना सवलत देऊन पण सत्तर-ऐंशी हजार वॉन. थकवलं तर व्हिसाला अडचण

हेमंत: म्हणजे महिन्याला साडेचार-पाच हजार रुपये. आणि माझी पॉलिसी वाया

मंजिरी: अहो तब्येतीपुढे काय ते

हेमंत: मी फक्त विचारलं

गौरी: आणि उपयोग झाला बाबा. घसा धरला तेव्हा क्लिनिकमध्ये गेले, डॉक्टर आणि औषध मिळून तुमच्या पार्किंगपेक्षा कमी लागले

मंजिरी: घसा कधी धरला होता????

शलाका: गौरी 🤦

मंजिरी: मला का नाही सांगितलंस. ताप होता का

गौरी: आई सप्टेंबरमध्ये, झाला बरा. म्हणूनच सांगत नाही

प्रकाश काका: 🙏 आपणांस माहीत आहे का? 🙏 अयोध्येची राजकन्या सुरीरत्ना इ.स. ४८ मध्ये समुद्रमार्गे

प्रकाश काका: क्षमस्व. दुसऱ्या ग्रुपवर टाकत होतो.

ओंकार: मामा राहू द्या आता पूर्ण टाका

गौरी: काका खरं सांगू, आमच्या ग्रुप प्रोजेक्टमधला एक जण गिमहे किम आहे, म्हणजे त्या राजाच्या घराण्यातला, त्याला ही गोष्ट शाळेपासून माहिती आहे. मी भारतातली म्हटल्यावर त्यानेच मला सांगितली

प्रकाश काका: !!!

प्रकाश काका: सुनंदा वाचलंस का

सुनंदा काकू: आपण एकाच घरात आहोत, हाक मारा

(दुपारी १:१०)

हेमंत: अपडेट. बॉक्स सुटला. दुधाचा पदार्थ काढून नष्ट करणार असं लिहिलंय, बाकीचं मंगळवारी-बुधवारी पोचेल

नलू आत्या: नष्ट म्हणजे फेकणार का

हेमंत: हो ताई

नलू आत्या: अर्धा किलो होते

ओंकार: पण कंदी पेढ्यात दूध नसतं ना आई

नलू आत्या: तू संध्याकाळी घरी ये

सुनंदा काकू: चला निदान चकल्या वाचल्या. मंजिरी पुढच्या वेळी बॉक्स तुझ्याकडेच भर बाई, मला पुन्हा जबाबदारी नको. आणि श्रीकांत, तुमचे ते कोरियन साहेब महिनाअखेरीला सोलला जाणार आहेत म्हणालास ना?

श्रीकांत: आई नाही.

सुनंदा काकू: मी अजून काही बोललेच नाही

श्रीकांत: जनरल मॅनेजर आहेत ते. मी त्यांना बेसनाचे लाडू न्यायला सांगू?

सुनंदा काकू: त्यांनाही देऊ की थोडे. वेगळा डबा करते

शलाका: बेसनाच्या लाडवात तूप असतं आई, तूप पण दुधाचंच

सुनंदा काकू: मग तेलातले करते. साहेबांना विचार, गोड खातात का

श्रीकांत टाइप करत होता, मग थांबला.

ओंकार: दादा ऑफलाइन गेला