युनिफिल गाशा गुंडाळतेय. मग अशा फौजांचा उपयोग काय?

घाटावरचा_वाचक
सुरक्षा परिषदेने २८ ऑगस्ट २०२५ ला ठराव २७९० एकमताने मंजूर केला. दक्षिण लेबनानमधल्या युनिफिलचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं, काम ३१ डिसेंबर २०२६ ला थांबणार, पुढच्या वर्षभरात फौज माघारी. १९७८ पासून बसलेत तिथे. १९८२ ला इस्रायल आत घुसला, २००६ ला युद्ध, २०२४ ला परत. यांनी थांबवलं काय? आपलीही बटालियन १९९८ पासून तिथे आहे, म्हणून भावाशी कडाक्याचा वाद झालाय. प्रत्यक्ष राहून आलेलं कुणी आहे का इथे?

सातारकर_फौजी
आहे. २००६ नंतर काही वर्षांनी आमची पलटण होती तिकडे.

युद्ध थांबवायला आम्हाला पाठवलंच नव्हतं. ब्लू लाइन (इस्रायल-लेबनानमधली संयुक्त राष्ट्रांनी आखलेली रेषा) ते लितानी नदी या पट्ट्यात लेबनानी सैन्य आणि युनिफिल सोडून कुणाकडे हत्यार नको, हे सुरक्षा परिषदेचा २००६ चा ठराव १७०१ म्हणतो. पण हिजबुल्लासारख्या सशस्त्र गटांना नि:शस्त्र करायचं काम लेबनानी सैन्याचं, आम्ही मदतीला. एखाद्या घराचा संशय आला तरी त्यांच्याशिवाय आत पाऊल टाकता यायचं नाही, आणि ते येईपर्यंत घर झाडून साफ. गावाला माहीत, आम्हालाही माहीत.

मग करत काय होतो? डोंगरउतारावर निळी पिंपं उभी केलेली, तीच हद्द. शेळ्या पिंपांपलीकडे जायच्या, मागोमाग राखणारा. पलीकडच्या इस्रायली सैनिकांनी त्याला धरलं की गावात आरडाओरडा, पोरं गोळा, दोन्हीकडून बंदुका रोखलेल्या. आमच्या ठाण्यावरून वायरलेस वर, तिथून नाकुराच्या मुख्यालयात, मग संपर्क अधिकारी इस्रायली बाजूशी बोलणार. गडी परत यायचा. शेळ्यांचं काही खरं नसायचं. (आपले पशुवैद्य गावोगाव जनावरं तपासायचे, त्यामुळे कुणाची शेळी हेसुद्धा आम्हाला ठाऊक!)

नाकुरालाच दोन्ही सैन्यांचे अधिकारी एका खोलीत बैठकीला बसायचे. एकमेकांशी चकार शब्द नाही, जे सांगायचं ते युनिफिलच्या कमांडरला. हसू येईल तुम्हाला. पण ज्या देशांत राजनैतिक संबंधच नाहीत, त्यांना दुसरी जागा कुठली होती?

व्हिएन्नाकरीण
काका, पटतंय, पण अर्धंच. युक्रेनमध्ये ओएससीईचे (युरोपातली सुरक्षा आणि सहकार्य संघटना) बिनहत्यारी निरीक्षक २०१४ पासून होते. ड्रोन, कॅमेरे, रोजचा अहवाल, कुठे किती स्फोट ऐकू आले इथपर्यंत नोंद. पण संघटनेत ५७ देश आणि निर्णयाला सगळ्यांची संमती हवी. आक्रमण करणारा रशिया त्यातलाच. त्याने मुदतवाढ अडवली, ३१ मार्च २०२२ ला कारभार आटोपला. पुढच्याच महिन्यात मोहिमेचे काही स्थानिक कर्मचारी दोनेत्स्क-लुहान्स्कमध्ये पकडले गेले. इतक्या नोंदींनी कोण वाचलं?

सातारकर_फौजी
ताई, एकमताचं दुखणं खरंच आहे, त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण पर्याय बघा. नोव्हेंबर २०२४ च्या इस्रायल-हिजबुल्ला शस्त्रसंधीवर देखरेखीला पाच पक्षांची यंत्रणा बसवली, अध्यक्ष अमेरिका. इस्रायलला शस्त्रं पुरवणारा तोच, पंचही तोच. वर पैशाची बोंब: मोठे देश वर्गणी थकवतात, म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या नऊ मोहिमांतले जवळपास पाव सैनिक कमी करायचं ठरलं. मला विचाराल तर नि:शस्त्रीकरणाची भाषा सोडा. बघणं आणि निरोप पोचवणं, एवढंच काम द्या. माणसं थोडी लागतील, पण दोन्ही बाजूंना चालणारी हवीत.

घाटावरचा_वाचक
भावाला वाचून दाखवलं. म्हणतो, ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकुराच्या टेहळणी मनोऱ्यावरच इस्रायली रणगाड्याने गोळा मारला, तेव्हा निरोप कुणी पोचवायचा?

सातारकर_फौजी
दोन इंडोनेशियन जवान पडून जखमी झाले त्यात. इस्रायलने मागे हटायला सांगितलं होतं, तरी ठाणी सोडली नाहीत. आणि गोळा कुणाच्या रणगाड्याचा, हे जगाला त्याच फौजेने सांगितलं. भावालाही इथे खातं उघडायला सांगा, समोरासमोर बोलू.